राखून ठेवलेला पिचर

बुलपेनच्या कठड्याशी

बाल्टिमोरच्या बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या रेल्वे कंपनीच्या विटांच्या लांबलचक वखारीला लागून, कॅम्डेन यार्ड्स हे बेसबॉलचे मैदान १९९२ साली खुले झाले. वखार पाडून टाकण्याऐवजी मैदानाच्या रचनेतच ती सामावून घेतल्यामुळे, आणि वखार व मैदान यांच्यामधला युटॉ स्ट्रीट प्रेक्षकांच्या ये-जा करण्यासाठी राखल्यामुळे, नव्या बांधकामांना सहसा न लाभणारे जुनेपण या जागेला लाभले आहे. मैदानाच्या दूरच्या टोकाला, मध्याच्या किंचित डावीकडे, एकामागे एक अशी पायरीवजा दोन आवारे आहेत. त्यांना बुलपेन म्हणतात. एक यजमान संघाचे, दुसरे पाहुण्यांचे. राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे राखीव खेळाडू, सामन्याचा बहुतेक काळ तेथे बाकांवर बसून काढतात, आणि संघाच्या बैठकीतून, म्हणजे डगआउटमधून, मॅनेजरच्या हुकमाचा फोन आला की त्यांतला एक जण उठून हात मोकळा करू लागतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘जोखीम’ हा विषय ठरवला तेव्हा दर्यावर्दी, गिर्यारोहक आणि सट्टेबाज यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ निघतील हे उघड होते. माझ्या मनात मात्र तो फोन करवणारा मनुष्य आला: बरोबरीत चाललेल्या सामन्याच्या उत्तरार्धात आपला सर्वोत्तम पिचर पुढच्या, अधिक योग्य वाटणाऱ्या क्षणासाठी राखून ठेवणारा, आणि तो क्षण उगवण्यापूर्वीच सामना गमावून बसणारा मॅनेजर. माझा भाचा मेरीलँडमध्ये स्थायिक झालेला आहे आणि बाल्टिमोर ओरिओल्स या संघाचा तो निस्सीम भक्त आहे. त्याच्या तोंडून एका ऑक्टोबरच्या रात्रीची हकीकत मी इतक्या वेळा ऐकली होती, की ती ज्या संघाची, त्याचे मैदान एकदा डोळ्यांनी पाहावे असे फार दिवस मनात होते.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही बुलपेनच्या वरच्या कठड्याशी उभे राहिलो. सामना बरोबरीत होता, आठवा डाव चालू होता. “मामा, इकडे बघा, फोन वाजला,” भाचा म्हणाला. खाली पाहुण्या संघाच्या आवारात एका पोक्त प्रशिक्षकाने भिंतीवरचा फोन कानाला लावला, मान हलवली आणि बाकावरच्या एका लांबसडक तरुणाकडे बोट केले. तरुणाने अंगातले जाकीट उतरवून कठड्यावर टाकले, खांदा दोन-तीनदा गोल फिरवला आणि गुडघ्यांवर बसलेल्या कॅचरकडे प्रथम अगदी सावकाश, मग वेग वाढवीत चेंडू टाकू लागला. चेंडू चामड्याच्या हातमोज्यावर आदळताना होणारा फटक्यासारखा आवाज इतक्या जवळून ऐकल्यावर या मनुष्यांच्या दंडात केवढे बळ असते याची कल्पना येते; दूरचित्रवाणीवर ती कधीच येत नाही. तो असा तयार होत असताना त्याच बाकाच्या टोकाला आणखी एक जण पाय पसरून बसला होता. भाच्याने त्याच्याकडे माझे लक्ष वेधले. “हा त्यांचा क्लोजर, शेवटी येऊन सामना संपवणारा. सगळ्यांत चांगला हाच. पण बघा तुम्ही, हा उठायचा नाही.”

तो उठला नाही. नवव्या डावाच्या उत्तरार्धात, यजमानांची एक धाव झाली असती तर सामना तेथेच संपला असता अशा वेळी, दुसरेच कोणी चेंडू टाकत होते. दहावा डाव लागला. अलीकडच्या नियमानुसार नेहमीच्या हंगामात दहाव्या डावापासून फलंदाजी करणाऱ्या संघाचा एक धावपटू आधीच दुसऱ्या बेसवर उभा केला जातो. पाहुण्यांना त्याचा लाभ उठवता आला नाही, यजमानांना आला. मधल्या मोकळ्या जागेत पडलेल्या एका साध्या फटक्यावर धावपटू घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागेवर, पोचून धाव झाली, आणि क्लोजर हातमोजा काखेत मारून, अंगावर घामाचा थेंबही न येता, कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागला.

एकदा उतरला तो उतरला

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, नाहीतर मॅनेजरच्या सावधपणाचे मूळ ध्यानात येणार नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव आणि प्रत्येक डावात तीन बळी, म्हणजे एकंदर सत्तावीस बळी मिळतात. सामन्याला वेळेची मर्यादा नाही, षटकांची मोजणी नाही. पाहुणा संघ प्रत्येक डावात आधी फलंदाजी करतो, यजमान नंतर. क्रिकेटचा कर्णधार मैदानात उभा असतो, एका गोलंदाजाला विश्रांती देऊन तासाभराने त्याच्याच हाती पुन्हा चेंडू देण्याची त्याला मुभा असते. बेसबॉलचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश चढवून डगआउटमध्ये बसतो आणि त्याने एकदा मैदानाबाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्याची प्रत्येक तजवीज अशा रीतीने अपरिवर्तनीय असते. पिचर बदलायचा झाला की मॅनेजर सावकाश चालत मधल्या उंचवट्यापर्यंत जातो, उजव्या किंवा डाव्या दंडावर थाप मारून बुलपेनला खूण करतो, आणि त्या थापेसरशी एक माणूस सामन्यातून कायमचा वजा होतो.

याहून महत्त्वाचा दुसरा फरक आहे. आपल्याकडे सावधगिरीला प्रतिष्ठा आहे ती उगाच नाही. रणजी करंडकाच्या बाद फेरीत पहिल्या डावाची आघाडी घेऊन सामना अनिर्णित ठेवणारा संघ पुढच्या फेरीत जातो. मुंबईच्या खडूस म्हणवल्या जाणाऱ्या फलंदाजीने या नियमाच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या प्रतिस्पर्ध्यांचा धीर खचवला. तेथे टिकून राहणे हाच एक निकाल असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलला अनिर्णित सामना जवळजवळ ठाऊकच नाही. नऊ डावांत निकाल लागला नाही तर दहावा, अकरावा, बारावा, असे डाव वाढत जातात, आणि कोणीतरी हरल्याशिवाय दिवे मालवत नाहीत. अशा खेळात नुसते थांबून राहणाऱ्याला त्या थांबण्याचे फळ कोणत्या दारातून मिळावे?

टोरंटोची रात्र

४ ऑक्टोबर २०१६. हंगामाचे एकशे बासष्ट सामने खेळून ओरिओल्स आणि टोरंटोचा ब्लू जेज हे दोन संघ एकाच सामन्याच्या बाद फेरीसाठी टोरंटोच्या रॉजर्स सेंटरमध्ये समोरासमोर आले होते. हरणाऱ्याचा हंगाम त्याच रात्री संपणार होता. ओरिओल्सचे मॅनेजर होते बक शोवॉल्टर, आपल्या व्यवसायातले अत्यंत साक्षेपी, नियमपुस्तकाच्या कोनाकोपऱ्यांचे ज्ञान असलेले आणि तोवर तीनदा वर्षातील सर्वोत्कृष्ट मॅनेजर ठरलेले गृहस्थ. त्यांच्या बुलपेनमध्ये झॅक ब्रिटन नावाचा डावखुरा पिचर होता. त्या वर्षी त्याने ६७ डाव टाकले होते आणि त्यांत त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा अवघ्या चार होत्या. आघाडी राखण्यासाठी त्याला ४७ वेळा पाठवण्यात आले आणि ४७ही वेळा त्याने ती राखली. फलंदाजाजवळ पोचता पोचता खाली बुडणारा त्याचा चेंडू बहुधा जमिनीवरच मारला जाई, आणि जमिनीवरून गेलेल्या चेंडूचा होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारा फटका, होत नाही.

ब्लू जेजने एका होमरनच्या बळावर पहिली धाव काढली. मार्क ट्रम्बोने चौथ्या डावात दोन धावांचा होमरन मारून ओरिओल्सला पुढे नेले. पाचव्यात ब्लू जेजने बरोबरी साधली. दोन-दोन. त्यानंतर ओरिओल्सची फलंदाजी जवळजवळ निःशब्द झाली आणि सामन्याचा सगळा भार राखीव पिचरांवर पडला. नवव्या डावाच्या उत्तरार्धात ब्लू जेजच्या जॉश डोनाल्डसनने दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका मारून आरंभ केला. पुढच्या फलंदाजाला शोवॉल्टर यांनी मुद्दाम पहिला बेस बहाल केला, त्याच्या पुढचा बाद झाला, आणि मग डॅरेन ओडे याला पाचारण करण्यात आले. जमिनीवरून गेलेल्या एका फटक्यावर एकदम दोन बळी मिळून डाव संपला. जे काम हमखास व्हावे म्हणून ब्रिटन संघात होता, नेमके तेच काम दुसऱ्याच्या हातून झाले. दहावा डावही निभावला गेला.

दरम्यान ब्लू जेजने आपला क्लोजर रॉबर्तो ओसूना याला नवव्या डावातच, सामना बरोबरीत असताना, मैदानात उतरवले होते. त्यात कोणाला विशेष साहस वाटले नाही, कारण यजमान संघाच्या क्लोजरने बरोबरीत उतरावे आणि पाहुण्या संघाच्या क्लोजरने आघाडी मिळेपर्यंत बसून राहावे असा या व्यवसायाचा शिरस्ताच आहे. यजमानांना सामना जिंकायला शेवटची फलंदाजी असते. पाहुण्यांनी आघाडी घेतली तरी पुढे कोणालातरी ती राखावी लागते, आणि ते काम दुय्यम माणसावर सोपवायचे नाही, असा त्यामागचा विचार. विचार अगदीच पोरकट नाही. पण तो ज्या आघाडीसाठी थांबायला सांगतो, ती यायची केव्हा? ढोबळ मानाने कोणताही संघ चार डावांतून एखाद्या डावात धाव काढतो. म्हणजे प्रत्येक डावाला ती आघाडी न येण्याचाच संभव अधिक, आणि ती येईपर्यंत प्रतिपक्षाला दर डावात सामना संपवण्याची एक संधी.

या गणिताची दुसरी बाजू मला त्याहून निर्णायक वाटते. बरोबरीत, प्रतिपक्षाच्या मैदानावर, शेवटच्या डावात एक धाव दिली की पराभव. एका धावेची आघाडी असताना एक धाव दिली तर बरोबरी, सामना चालूच. दोन-तीन धावांची आघाडी असेल तर एक धाव देऊनही विजय. सर्वोत्तम माणूस जेथे एकही चूक परवडत नाही तेथे पाठवायचा, की जेथे एक-दोन चुका पोटात घालता येतात तेथे? हा प्रश्न अशा शब्दांत विचारला तर त्याला दोन उत्तरे राहत नाहीत.

अकराव्या डावाच्या उत्तरार्धात ब्रायन ड्युएन्सिंगने एक बळी घेतला. शोवॉल्टर चालत गेले आणि त्यांनी उजव्या दंडाची खूण केली. आला तो उबाल्डो हिमेनेझ, जो मुळात सामन्याची सुरुवात करणारा पिचर होता आणि हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात चांगले टाकत होता. डेव्हॉन ट्रॅव्हिसने पहिला बेस गाठला. डोनाल्डसनचा फटका डाव्या बाजूला पडला, क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू जरा निसटला, ट्रॅव्हिस तिसऱ्या बेसवर गेला. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, एक बळी: जमिनीवरून जाणाऱ्या एका फटक्याची आत्यंतिक निकड असलेली ही अवस्था. हिमेनेझचा पहिलाच चेंडू एडविन एनकार्नासियॉनने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत दूरवर भिरकावून दिला. पाच-दोन. ब्रिटन त्या रात्री तयार होण्यासाठी उठला होता, पुन्हा बसला होता. तो तंदुरुस्त होता आणि शेवटपर्यंत बुलपेनमध्येच राहिला.

“मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, मामा,” भाचा म्हणाला. “ब्रिटनने टाकून हरलो असतो तर मला इतकं लागलं नसतं.”

सरकारी कचेरीत ३१ मार्चला खर्ची न पडलेली तरतूद रद्द होते, ती पुढच्या वर्षाच्या खात्यावर ओढता येत नाही. बाद फेरीतल्या मॅनेजरपाशी असलेल्या शिलकेचे स्वरूप असेच असते. ब्रिटनच्या हातातले न टाकलेले वीस-पंचवीस चेंडू त्या रात्रीनंतर कोणाच्याही उपयोगाचे नव्हते.

एका रकान्याची कथा

शोवॉल्टर यांच्यासारखा चाणाक्ष मनुष्य हे गणित जाणत नव्हता असे मानणे अन्यायाचे होईल. मग या शिरस्त्याला एवढे बळ कोठून आले? त्याचा माग काढीत गेले की आपण शिकागोच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत पोचतो.

१९५९ साली पिट्सबर्गच्या एलरॉय फेस या राखीव पिचरने १८ विजय आणि एक पराभव अशी दिपवणारी नोंद केली. शिकागोचे क्रीडावार्ताहर जेरोम होल्ट्झमन यांना या नोंदीत खोट दिसली. काही सामन्यांत फेसने हाती आलेली आघाडी आधी घालवली होती आणि मग सहकाऱ्यांनी धावा काढून सामना जिंकून दिल्यामुळे विजय त्याच्या नावावर चढला होता. उलट, आघाडी निमूटपणे राखून परतणाऱ्या पिचरच्या कामाची कोठेच दाद नव्हती. या अन्यायाचे परिमार्जन व्हावे म्हणून होल्ट्झमन यांनी ‘सेव्ह’ ही नवी नोंद सुचवली आणि १९६९ साली ती अधिकृत झाली. हेतू न्यायाचा होता, आणि काही काळ तिने न्यायच केला. गूस गॉसेज, रॉली फिंगर्स यांच्यासारखे त्या काळचे राखीव पिचर सातव्या-आठव्या डावात, बेस भरलेले असताना, आग विझवायला यावे तसे येत आणि दोन-दोन, तीन-तीन डाव टाकून सामना संपवीत. त्यांना फायरमन म्हणत.

पुढे नियमाच्या कलमांनीच कामाची आखणी करायला आरंभ केला. सेव्ह मिळवायचा तर संघ आघाडीवर हवा. एक संपूर्ण डाव टाकणार असाल तर तीन धावांपर्यंतची आघाडी चालते. आणि सामना संपताना चेंडू तुमच्याच हाती असला पाहिजे. प्रतिपक्षाच्या मैदानावर बरोबरीत दोन डाव जिवावर उदार होऊन टाकलेत तर त्या रकान्यात काही पडत नाही. तीन धावांची निवांत आघाडी असताना एक डाव टाकलात तर एक आकडा चढतो. पगाराच्या वाटाघाटींत आणि लवादापुढे हा आकडा मांडला जातो. ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रूसा यांनी १९८८ च्या सुमारास डेनिस एकर्स्लीला केवळ शेवटच्या डावासाठी राखण्याची पद्धत रूढ केली. त्यामागे सुज्ञ कारण होते: एकर्स्ली तिशी ओलांडलेला, पूर्वी सामन्यांची सुरुवात करणारा पिचर होता, आणि रोज थोडे काम दिल्याने त्याचा हात ताजा राहत असे. ओकलंडने त्या वर्षापासून सलग तीन वर्षे आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळवले, १९९२ साली एकर्स्लीला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि इतर संघांनी ती पद्धत उचलली. एका विशिष्ट माणसाच्या प्रकृतीला मानवेल म्हणून केलेली व्यवस्था सर्वांसाठी कायदा होऊन बसली.

या व्यवस्थेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. आपल्याला केव्हा बोलावणे येईल हे ठाऊक असलेला पिचर सातव्या डावापासून मनाची आणि स्नायूंची तयारी करू शकतो. केव्हाही उठवला जाणारा मनुष्य बुलपेनमध्येच अर्धा थकतो, कारण तयारीसाठी टाकलेला प्रत्येक चेंडूही हातातूनच जातो. एकशे बासष्ट सामन्यांच्या हंगामात ही शिस्त मोलाची असते. उद्या सामना आहे, परवा आहे, आणि हात एकच आहे. मात्र ज्या रात्रीनंतर उद्या उरत नाही, त्या रात्रीही तीच शिस्त पाळणे याला मी विवेक म्हणू शकत नाही.

दान दिलेले बळी

बुलपेनच्या पाठीमागच्या चौकात ओरिओल्सच्या थोर पुरुषांचे ब्राँझचे पुतळे आहेत, आणि त्यांत अर्ल वीव्हर या बुटक्या, तापट मॅनेजरचाही आहे. तेथे देखरेखीला असलेल्या एका वृद्ध कर्मचाऱ्याने वीव्हरला तरुणपणी पाहिले होते. पंचांशी वाद घालताना अगदी नाकाला नाक भिडवता यावे म्हणून वीव्हर टोपी उलटी फिरवून घेत असे, हे त्याने स्वतःच्या टोपीने करून दाखवले, आणि मग गंभीर होऊन म्हणाला की तो माणूस कोणालाही फुकट बळी देत नसे.

त्याचा रोख बंट या, सावधगिरीच्याच दुसऱ्या एका डावपेचाकडे होता. पहिल्या बेसवर धावपटू आहे, कोणी बाद नाही, सामना बरोबरीत आहे. अशा वेळी फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हलकेच जमिनीवर टेकवतो, स्वतः बाद होतो आणि धावपटूला दुसऱ्या बेसवर पोचवतो. हा त्याग दिसायला उदात्त असतो, आणि मॅनेजरने काहीतरी केले हे सर्वांना दिसते. कॅनडाच्या संरक्षण खात्यात काम करणारे जॉर्ज लिंडसे यांनी आपल्या निवृत्त लष्करी वडिलांच्या साहाय्याने शेकडो सामन्यांच्या नोंदी गोळा केल्या. वडील सामन्याचे एकेक टिपण करीत आणि मुलगा त्यांची कोष्टके मांडी. १९६३ साली त्यांनी ते संशोधन प्रसिद्ध केले. पहिल्या बेसवर धावपटू आणि शून्य बाद या अवस्थेतून डावअखेर सरासरी ०.८१ धावा निघत. दुसऱ्या बेसवर धावपटू आणि एक बाद या अवस्थेतून ०.६७. त्याग करून संघ श्रीमंत होत नव्हता, दरिद्री होत होता. निदान एक धाव निघण्याची शक्यताही बंटमुळे वाढत नव्हती. ती चाळीस टक्क्यांच्या आगेमागे जेथे होती तेथेच राहत होती. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरचेच अर्नशॉ कुक यांनी आपल्या ग्रंथात याच निष्कर्षाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या काळच्या मॅनेजरांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वीव्हरने १९६८ पासून चौदा-पंधरा वर्षे ओरिओल्सची धुरा वाहताना मोठ्या होमरनची वाट पाहण्याचे धोरण ठेवले, कोणता फलंदाज कोणत्या पिचरविरुद्ध कसा खेळतो याची कार्डे लिहून ठेवली आणि चार वेळा लीगचे अजिंक्यपद मिळवले. आज बंट अगदी क्वचित दिसतो. आम्ही पाहिलेल्या सामन्याच्या दहाव्या डावातही, दुसऱ्या बेसवर धावपटू असताना, यजमानांच्या फलंदाजाने बॅट आडवी धरली नाही. त्याने ती फिरवली, आणि सामना संपला.

कैफियत

प्रत्येक सामन्यानंतर, विजय असो वा पराजय, मॅनेजरला वार्ताहरांपुढे बसून आपल्या निर्णयांची कैफियत द्यावी लागते. माझ्या मते उत्तरार्धातल्या सावधगिरीचे रहस्य या खोलीत आहे. शिरस्त्याप्रमाणे वागून पराभव झाला तर प्रश्न खेळाडूला विचारला जातो: तुझा चेंडू का चुकला? शिरस्ता मोडून पराभव झाला तर मॅनेजरला: असे का केलेत? सावध मॅनेजर संघाचा पराभव टाळू शकत नाही. तो पराभवावरची सही मात्र टाळू शकतो.

१६ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये बोस्टनचे मॅनेजर ग्रेडी लिट्ल यांनी आठव्या डावात पाच-तीन अशी आघाडी असताना थकलेल्या पेड्रो मार्टिनेझशी उंचवट्यावर बोलून त्याला तसेच चालू ठेवले. शंभरेक चेंडूंनंतर पेड्रोचा प्रभाव ओसरतो हे संघाच्या दफ्तरात नोंदलेले होते. लिट्ल यांनी दफ्तरापेक्षा माणसाच्या शब्दावर भिस्त ठेवली. न्यूयॉर्कने बरोबरी साधली, अकराव्या डावात सामना जिंकला, आणि महिना संपायच्या आत लिट्ल यांचा करार पुढे न वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच्या नेमके उलट घडले २७ ऑक्टोबर २०२० रोजी. टॅम्पा बेचे केव्हिन कॅश यांनी जागतिक मालिकेच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम फेरीच्या, सहाव्या सामन्यात ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंवर माघारी बोलावले. स्नेलने नऊ जणांना बाद केले होते, केवळ दोन फटके दिले होते, एक-शून्य अशी आघाडी होती; पण प्रतिपक्षाची फलंदाजी तिसऱ्यांदा सुरू होत होती, आणि तिसऱ्या फेरीत पिचर बदलावा असे संघाचे कोष्टक सांगत होते. बदली पिचरच्या हातून आघाडी निसटली आणि लॉस एंजेलिसने मालिका जिंकली. कॅश यांच्यावर टीकेची झोड उठली, तरी त्यांचे पद अबाधित राहिले; काही दिवसांनी, बाद फेरीपूर्वीच झालेल्या मतदानाच्या आधारे, ते वर्षातील सर्वोत्कृष्ट मॅनेजरही ठरले. जुन्या मॅनेजरला रूढीचा आसरा होता, नव्याला कोष्टकाचा. ज्यांनी रूढी मोडण्यासाठी कोष्टके आणली त्यांच्याच हाती ती पुन्हा रूढी होत आहेत, आणि समोर उभा असलेला माणूस आज कसा टाकतो आहे हे पाहण्याचे कष्ट दोन्हीकडे वाचतात.

टोरंटोच्या त्या रात्रीला दोन दिवस लोटले नाहीत तोच क्लीव्हलंडचे टेरी फ्रॅन्कोना यांनी आपला उत्तम राखीव पिचर अँड्र्यू मिलर याला बोस्टनविरुद्ध चक्क पाचव्या डावात बोलावले. एका धावेची आघाडी होती आणि त्यांना संकट तेथे दिसले. म्हणून माणूसही तेथेच पाठवला. शेवटच्या डावासाठी दुसरा विश्वासू माणूस होता, आणि मिलरलाही सेव्हच्या रकान्याची क्षिती नव्हती. क्लीव्हलंड त्या वर्षी जागतिक मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले, तेथे मिलरच्याच चेंडूवर शिकागोच्या डेव्हिड रॉसने होमरन मारला आणि क्लीव्हलंड हरले. तरी फ्रॅन्कोनांच्या हाती असलेले सगळे खर्ची पडले होते, आणि त्या पराभवाबद्दल त्यांच्याकडे फारसे कोणी बोट दाखवले नाही.

मे महिन्यातला शोवॉल्टर

शोवॉल्टर यांच्या पूर्वायुष्यात दोन रात्री अशा आहेत की त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. ८ ऑक्टोबर १९९५ रोजी ते न्यूयॉर्क यँकीजचे मॅनेजर होते आणि सिएटलच्या किंगडोममध्ये मालिकेचा निर्णायक पाचवा सामना होता. त्यांचा पिचर डेव्हिड कोन थकून गेला होता, आठव्या डावात बेस भरले, १४७ वा चेंडू पडला आणि बेस बहाल होऊन बरोबरीची धाव घरी आली. तेव्हा कोठे मारियानो रिव्हेरा नावाच्या, पहिल्याच हंगामातल्या पोरसवदा पिचरला बोलावण्यात आले. त्याने समोरच्या फलंदाजाला बाद करून डाव संपवला. हाच रिव्हेरा पुढे या खेळाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ क्लोजर ठरला. तो त्या क्षणी हाताशी होता, पण अनोळखी होता, आणि कोन ओळखीचा होता. सिएटलने तो सामना जिंकला, अकराव्याच डावात.

दुसरी रात्र २८ मे १९९८ ची. शोवॉल्टर आता ॲरिझोनाच्या अगदी नव्या, पहिलाच हंगाम खेळणाऱ्या संघाचे मॅनेजर होते. सॅन फ्रान्सिस्कोत नववा डाव, दोन बाद, आठ-सहा अशी आघाडी, तिन्ही बेस भरलेले, आणि समोर बॅरी बॉन्ड्स. शोवॉल्टर यांनी ग्रेग ओल्सनला बॉन्ड्सला मुद्दाम पहिला बेस देण्याचा हुकूम केला. याचा अर्थ तिसऱ्या बेसवरच्या धावपटूला घरी येऊ देऊन एक धाव आपल्या हाताने प्रतिपक्षाच्या पदरात घालायची. आघाडी आठ-सात वर आली. अशी गोष्ट या खेळात पिढ्यान्‌पिढ्यांत एखाद्याच वेळी घडते. पुढचा फलंदाज ब्रेंट मेन याचा फटका उजव्या बाजूला गेला, ब्रेंट ब्रीडने तो झेलला, आणि ॲरिझोनाने सामना जिंकला.

भाच्याला मी विचारले की ज्याला हे सुचले, त्यालाच टोरंटोत ब्रिटन का सुचला नाही. तो म्हणाला, “मामा, तेव्हा हरले असते तरी कोणाला काय फरक पडत होता?” मला हे उत्तर पटते. मे महिन्यात त्या नव्या संघाचे शंभराहून अधिक सामने शिल्लक होते, कोणी त्याच्याकडून विजयाची अपेक्षा करीत नव्हते, आणि मॅनेजरला समोरचे फलंदाज, बेसवरची माणसे आणि हातातला पिचर एवढेच दिसत होते. टोरंटोत त्यांना उद्याचे सामने नव्हते, म्हणून वास्तविक सर्व काही पणाला लावण्याची मुभा होती. पण त्याच रात्री देशभरचे डोळे त्यांच्यावर होते आणि सामन्यानंतरची ती खोली त्यांची वाट पाहत होती. २०२२ साली न्यूयॉर्क मेट्सचे मॅनेजर म्हणून शोवॉल्टर चौथ्यांदा सर्वोत्कृष्ट ठरले. तेवढ्या यशस्वी कारकिर्दीनंतरही बाल्टिमोरच्या त्या कठड्यापाशी त्यांचे नाव निघाले की पुढचे नाव ब्रिटनचे निघते.